ओफीर कोठे होते? सोन्याच्या एका नावाचा आणि सोपाऱ्याच्या दाव्याचा मागोवा

प्रश्न तीन आहेत. बायबलमध्ये शलमोन राजाला सोने पुरवणाऱ्या ज्या 'ओफीर' देशाचा उल्लेख येतो, त्या नावाचा अर्थ काय आणि ते आले कोठून? ओफीर म्हणजेच आपले सोपारे, म्हणजे आजचे नालासोपारा, असे जे वारंवार सांगितले जाते, त्यात तथ्य किती? आणि कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाचा या साऱ्याशी काही संबंध जोडता येतो का? प्राचीन कोरीव लेख आणि सागरी व्यापार हे विषय मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. ओफीर हे मुळात अरबस्तानाच्या परिसरातील एखाद्या टोळीचे किंवा प्रदेशाचे नाव असावे. तेथून आलेल्या सोन्याला त्याचे नाव पडले, आणि पुढे मूळ प्रदेश विस्मरणात जाऊन सोन्याचा दर्जा दाखवणारा शब्द तेवढा शिल्लक राहिला. सोपाऱ्याचा दावा हा मूळ ओफीरबद्दल काही सांगत नाही; तो सांगतो ते शलमोनानंतर सात-आठशे वर्षांनी ओफीरचे नाव ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लोकांच्या भूगोलाबद्दल. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच सगळा घोळ झाला आहे.

आता मूळ मजकूर पाहू. 'पहिले राजे' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात असे येते की शलमोनाने अदोम देशात, तांबड्या समुद्राच्या काठी एलोथजवळच्या एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधली. लबानोनच्या किनाऱ्यावरील सोर (टायर) नगराचा राजा हिराम याने आपले दर्यावर्दी खलाशी त्यांवर पाठवले. ते ओफीरला गेले आणि तेथून ४२० किक्कार सोने घेऊन आले. किक्कार हे वजन साधारण ३४ किलोचे धरले, तर हे सोने १४ टनांहून अधिक भरते. कर्नाटकातील हट्टीच्या खाणीत आज यंत्रांच्या साहाय्याने वर्षाकाठी दीड टनाच्या आसपास सोने निघते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याकडे कोणत्या नजरेने पाहावे ते कळते. शिवाय आकडाही एक नाही. तोच प्रसंग 'दुसरे इतिहास' या ग्रंथात ४५० किक्कार म्हणून येतो, आणि ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन हस्तलिखितात तो १२० आहे. शलमोनाचा काळ परंपरेने इ.स.पू. दहाव्या शतकाच्या मध्यावर धरला जातो, पण या ग्रंथांना आजचे रूप आले ते त्यानंतर तीन-चार शतकांनी किंवा त्याहूनही उशिरा. गतवैभवाच्या आठवणींत आकडे वाढत जातात, हे आपल्या बखरी वाचलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग ओफीर ही निव्वळ दंतकथा आहे काय? तसे म्हणता येत नाही, आणि याचे श्रेय एका खापराच्या तुकड्याला जाते. आजच्या तेल अवीव शहराच्या हद्दीत तेल कसीले नावाची टेकडी आहे. तेथे १९४६ मध्ये इ.स.पू. आठव्या शतकातील एक लेखांकित खापर सापडले. त्यावर जुन्या हिब्रू लिपीत 'ओफीरचे सोने, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल' अशा अर्थाची नोंद आहे; बेथ-होरोन हे गावाचे नाव आणि शेकेल हे वजन. ही एखाद्या कारकुनाची किंवा व्यापाऱ्याची हिशेबाची चिठ्ठी आहे. तिच्यात राजाची स्तुती नाही, देवळाचे वर्णन नाही, आणि म्हणूनच मला ती सगळ्या धर्मग्रंथीय उल्लेखांपेक्षा अधिक मोलाची वाटते. त्या काळी 'ओफीरचे सोने' हा बाजारात चालणारा शब्द होता, एवढे तिच्यावरून पक्के होते. मात्र ते ३० शेकेल सोने खरोखरच ओफीरहून आले होते की त्या दर्जाच्या सोन्याला तसे म्हणत असत, हे खापर सांगत नाही. येवल्यात विणलेल्या साडीलाही आपण पैठणीच म्हणतो, तसाच हा प्रकार असू शकतो.

नाव मालाला चिकटले आणि जागेपासून सुटले, याच्या खुणा बायबलमध्येही आहेत. यशयाच्या तेराव्या अध्यायात मनुष्य ओफीरच्या सोन्यापेक्षा दुर्मीळ होईल असे म्हटले आहे; पंचेचाळिसाव्या स्तोत्रात राणी ओफीरच्या सोन्याने मढून उभी आहे. ईयोबाच्या बाविसाव्या अध्यायात तर 'सोने' हा शब्दच गाळून नुसते 'ओफीर' म्हटले आहे आणि त्याचा अर्थ उत्तम सोने असाच घ्यावा लागतो. त्या ओळीत कवीने 'आफार' म्हणजे धूळ आणि 'ओफीर' या दोन शब्दांचा नादही जुळवला आहे. या शब्दखेळामुळेच पुढे 'ओफीर म्हणजे सोन्याची धूळ' अशी व्युत्पत्ती निघाली असावी. ती दिसायला सुंदर आहे, पण हिब्रूत 'आफार'चे पहिले अक्षर आयिन आहे आणि 'ओफीर'चे आलेफ आहे. ही दोन वेगळी व्यंजने आहेत आणि त्या काळच्या उच्चारात त्यांची सरमिसळ होत नसे. अरबीतील 'वाफिर', म्हणजे विपुल, या शब्दाशीही नाते जोडून पाहिले गेले आहे. तेही नादसाम्याच्या पलीकडे जात नाही. विशेषनामाला अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट धरला की अशा व्युत्पत्ती हव्या तितक्या मिळतात. त्या विषयातील जाणकारांत ओफीरच्या मूळ धातूबद्दल एकमत झालेले नाही.

अर्थापेक्षा अधिक उपयोगी पडते ती वंशावळ. 'उत्पत्ती' ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात यक्तानाच्या पुत्रांची यादी आहे. तिच्यात हसर्मावेथ आहे, शबा आहे, ओफीर आहे आणि लगेच पुढे हवीला आहे. ही नावे व्यक्तींची म्हणून दिली असली तरी ती टोळ्यांची आणि प्रदेशांची आहेत. हसर्मावेथ म्हणजे येमेनमधील आजचे हद्रमौत, आणि शबा म्हणजे त्याच भागातील सबा राज्य. हवीलाबद्दल तर 'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायातच 'तेथे सोने आहे आणि ते चांगले आहे' असे म्हटले आहे. ज्याने ही यादी केली, त्याच्या मनातल्या नकाशावर ओफीर हे सबा आणि हवीला यांच्या शेजारी, म्हणजे अरबी द्वीपकल्पात होते. ओफीरचा ठावठिकाणा सांगणारा याहून स्पष्ट पुरावा संपूर्ण बायबलमध्ये नाही. नवल असे की ओफीरचा शोध घेणाऱ्या बहुतेकांनी हाच पुरावा सर्वांत आधी बाजूला सारला, कारण अरबस्तान त्यांना पुरेसे दूरचे आणि पुरेसे अद्भुत वाटले नसावे.

भारताच्या बाजूने जो युक्तिवाद होतो त्याचे दोन पाय आहेत. पहिला पाय मालाच्या नावांचा. 'पहिले राजे' ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात जहाजांनी आणलेल्या वस्तू दिल्या आहेत: सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि 'तुक्की', ज्याचा अर्थ मोर असा केला जातो. 'तुक्की' हा शब्द तमिळमधील मोरपिसारा या अर्थाच्या 'तोकै'शी, वानरासाठीचा 'कोफ' हा संस्कृत 'कपि'शी आणि हस्तिदंतासाठीच्या 'शेनहब्बीम'चा उत्तरार्ध संस्कृत 'इभ'शी जोडला गेला. 'अल्मुग' लाकूड म्हणजे चंदन, असेही ठरले. शाळेत असताना हे वाचले की अंगावर मूठभर मांस चढते. पण तपासायला बसले की एकेक कडी सैल होत जाते. वानरासाठी याच नादाचा शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेत शलमोनाच्या कितीतरी शतके आधीपासून आहे, आणि मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेतही 'उकुपु' असा शब्द मिळतो. 'शेनहब्बीम'मधील 'शेन' म्हणजे दात हे हिब्रूच आहे आणि उरलेल्या भागाला इजिप्तच्या भाषेत हत्ती व हस्तिदंत या अर्थांचा शब्द हाताशी आहे. 'अल्मुग'चे तर जवळचे नातेवाईक थेट सीरियाच्या किनाऱ्यावर सापडले: उगारित येथील लेखांत 'अल्मग' आहे आणि अक्कादीत 'एलम्मक्कु' आहे. 'दुसरे इतिहास' ग्रंथात शलमोन हेच लाकूड लबानोनातून मागवताना दिसतो. जे झाड लबानोनात वाढते, त्याला चंदन म्हणणे कठीण आहे. उरला मोर. 'तुक्की' आणि 'तोकै' यांचे साम्य खरोखर लक्षवेधी आहे आणि ते मी झटकून टाकत नाही. परंतु तोही शब्द इजिप्तच्या भाषेतील एका जातीच्या माकडाच्या नावावरून आला असावा, असा दुसरा पर्याय मांडला गेला आहे आणि वानरांच्या लगेच पुढे तो शब्द येत असल्यामुळे त्या पर्यायालाही वजन आहे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मोर-वानरांच्या त्या श्लोकात ओफीरचे नावच नाही. तेथे 'तार्शीशची जहाजे' तीन वर्षांतून एकदा येत असत, एवढेच आहे. ओफीरच्या नावावर स्पष्टपणे नोंदलेला माल म्हणजे सोने, अल्मुग लाकूड आणि रत्ने. तार्शीशचे जहाज ही लांब पल्ल्याच्या जहाजांची एक जात होती असे मानता येते, कारण पुढे यहोशाफाट राजाने ओफीरला जाण्यासाठी तार्शीशची जहाजे बांधली आणि ती एसयोन-गेबेरलाच फुटली, असा उल्लेख आहे. त्यामुळे दोन्ही श्लोक एकाच सफरीचे आहेत असे म्हणण्याला थोडा आधार मिळतो. पण तोच यहोशाफाटाचा प्रसंग सांगताना 'इतिहास'कार ती जहाजे तार्शीशला जायची होती असे म्हणतो, म्हणजे त्यालाच हा शब्द कळलेला नव्हता. त्याहून गंमत अशी की ग्रीक भाषांतराच्या जुन्या पाठात दहाव्या अध्यायातील त्या जागी हस्तिदंत, वानर आणि मोर यांपैकी काहीच नाही. सोन्या-रुप्यानंतर तेथे कोरीव आणि घडीव दगड आले आहेत. ज्या श्लोकाचा पाठच स्थिर नाही, त्यातल्या एका पक्ष्यावर हिंदी महासागर ओलांडणे मला जमत नाही.

युक्तिवादाचा दुसरा पाय म्हणजे नावाचे रूप, आणि येथे सोपारे येते. इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ज्यू विद्वानांनी हिब्रू ग्रंथांची ग्रीक भाषांतरे केली. त्यांत 'उत्पत्ती'च्या वंशावळीत हे नाव 'ऊफीर' असे, हिब्रूला धरून आहे. पण 'राजे', 'ईयोब' आणि 'यशया' यांत ते 'सोफीर', 'सूफीर', 'सोफीरा' अशा रूपांत येते. हा आरंभीचा 'स' हिब्रूत कोठेही नाही. मग तो आला कोठून? इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या कॉप्टिक भाषेत 'सोफीर' हे भारताचे नाव म्हणून वापरले गेले. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार योसेफस याने शलमोनाची जहाजे जेथे गेली तो प्रदेश भारतातील आहे आणि त्याला आता 'सोन्याचे द्वीपकल्प' म्हणतात, असे लिहून ठेवले. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने लॅटिन भाषांतर करताना ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील 'ओफीर'च्या जागी सरळ 'भारत' असाच शब्द घातला. म्हणजे इजिप्तमधील आणि भूमध्यसमुद्राकाठच्या वाचकांसाठी ओफीर हे भारतात होते, याबद्दल शंका नाही. हे वाचक ज्या काळात राहत होते त्याच काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सोपारा नावाचे भरभराटीचे बंदर होते. कानावर पडलेल्या ओळखीच्या बंदराच्या नावाने जुन्या अनोळखी नावाचा उच्चार वळवला असणे अगदी शक्य आहे, आणि मला विचाराल तर सोपाऱ्याचा ओफीरशी संबंध असलाच तर तो याच ठिकाणी आहे.

सोपाऱ्याची खरी योग्यता मोठी आहे. तिला शलमोनाची उसनवारी लागत नाही. महाभारतात ते 'शूर्पारक' म्हणून येते. सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात त्याचे नाव आहे आणि वनपर्वातील तीर्थयात्रेतही. बौद्ध साहित्यात पूर्णाची कथा तेथे घडते, आणि सिंहलच्या 'महावंसा'त विजयाची नौका आधी 'सुप्पारक' बंदराला लागते. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ, दशपूर आणि गोवर्धन यांच्या जोडीने 'शोर्पारग' येथे धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या समुद्रमार्गवर्णनात भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत 'सूप्पारा' येते आणि त्यानंतर 'कल्लिएना', म्हणजे कल्याण. दुसऱ्या शतकात टॉलेमीही 'सूपारा' देतो. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ मध्ये मिळाला आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. दोन्ही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्येच येथील 'बुरूड राजाचा कोट' नावाची टेकडी उकरली, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटातल्या दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, बुद्धमूर्ती व सोन्याची फुले मिळाली. टेकडीच्या नावातला बुरूड मला नेहमी गमतीचा वाटतो: शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा तो बुरूड. जुन्या संस्कृत नावाची लोकांनी आपल्या परीने लावलेली ती संगती असावी.

पण हे सारे पुरावे कोणत्या काळाचे आहेत ते पाहा. अशोक इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. सोपाऱ्याचा निश्चित इतिहास तेथून सुरू होतो. शलमोन त्याच्या सातशे वर्षे आधीचा. त्या काळचा महाराष्ट्र आपल्याला उत्खननांतून बऱ्यापैकी माहीत आहे: इनामगाव, दायमाबाद, नेवासे अशा ठिकाणी जोर्वे संस्कृतीची शेती करणारी आणि गुरे पाळणारी खेडी होती आणि त्या संस्कृतीचा उतार लागला होता. तांबड्या समुद्रातून आलेल्या जहाजांना टनावारी सोने भरून देणारे बंदर त्या चित्रात बसत नाही. नावाचे गणितही जुळत नाही. हिब्रू भाषेत 'स'-'श' या वर्गाची तीन व्यंजने असताना 'शूर्पारक' ऐकणाऱ्याने आरंभीचा 'श' पूर्ण गाळून 'ओफीर' का म्हणावे? 'सोपारा' हे सोपे रूप तर 'शूर्पारक'चे प्राकृतातून झिजून झालेले आहे, आणि ती झीज शलमोनाच्या काळात झालेली असणे शक्य दिसत नाही. हीच अडचण 'ओफीर म्हणजे आभीर' या मताला येते. ख्रिस्तियान लासेन या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात सिंधूच्या मुखाजवळच्या आभीर देशाशी ओफीरची सांगड घातली. नाद छान जुळतो. परंतु आभीरांचे उल्लेख इतके मागे जात नाहीत. केरळातील पूवार आणि तमिळनाडूतील उवरी या गावांचे दावे केवळ नादावरच उभे आहेत, म्हणून त्यांच्यावर अधिक वेळ घालवत नाही.

सोन्याचाही विचार केला पाहिजे. कोकण आणि देश हा काळ्या कातळाचा, लाव्हारसाच्या थरांचा प्रदेश आहे. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. सोने आहे ते दक्षिणेला, हट्टी-मस्की आणि कोलारच्या पट्ट्यात. शिवाय ज्या काळाची व्यापारी नोंद आपल्याजवळ आहे, त्या काळात भारत सोने विकणारा नव्हता, घेणारा होता. भडोचला उतरणाऱ्या मालात रोमन सोन्या-चांदीची नाणी होती, आणि भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शोषून घेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली. मिरी, मलमल आणि रत्ने द्यायची व सोने घ्यायचे, हा आपला जुना शिरस्ता आहे. याच्या उलट जाणारा एक पुरावा प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे: हिरोडोटसच्या म्हणण्यानुसार इराणी साम्राज्याचा भारतीय प्रांत वर्षाला ३६० टॅलेंट सुवर्णरज कर म्हणून देत असे. पण तो प्रांत वायव्येकडे सिंधूच्या खोऱ्यात होता आणि काळही शलमोनानंतर चार-पाचशे वर्षांचा आहे.

भारतापर्यंत त्या काळी कोणी पोहोचूच शकत नव्हते, असे मात्र मला म्हणायचे नाही. त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी सिंधू संस्कृतीची जहाजे मेसोपोटेमियाशी व्यापार करत होती, आणि तेथील लेखांत 'मेलुहा' देशातून आलेल्या सुवर्णरजाचा उल्लेख आहे. इ.स.पू. तेराव्या शतकात वारलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे मिळाले आहेत, आणि मिरी तर मलबारचीच. वस्तू हातोहात, बंदरामागून बंदर करत, खूप लांब जात असत. त्यामुळे मोर शलमोनाच्या अंगणात आला असेल, तर तोही अरबस्तानच्या एखाद्या बाजारातून आला असू शकतो. माल भारतीय असणे आणि जहाज भारतात जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एसयोन-गेबेरहून निघालेल्या जहाजाला सोने, हस्तिदंत आणि वानर मिळवण्यासाठी तांबड्या समुद्राच्या बाहेर फार दूर जायची गरजही नव्हती. इ.स.पू. पंधराव्या शतकात हात्शेप्सुत राणीने 'पुंत' देशाला पाठवलेल्या सफरीची चित्रे देर-अल-बहरीच्या मंदिरात कोरलेली आहेत. त्यांत सोने, आबनूस, हस्तिदंत, धूप आणि वानर हाच माल आहे. पुंत तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाकडे होते. तीन वर्षांच्या सफरीचे कोडेही वाटते तितके अवघड नाही, कारण प्राचीन मोजणीत पहिल्या वर्षाचा शेवट आणि तिसऱ्या वर्षाचा आरंभ मिळून तीन वर्षे होत असत. शिवाय तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा जवळजवळ वर्षभर वायव्य-उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर तो सतत समोरून येतो आणि जहाजे महिनोन्‌महिने अडकून पडतात. अरबी बाजूला मदिनेच्या आग्नेयेस 'महद अझ्झहब', म्हणजे सोन्याचा पाळणा, नावाची खाण आहे. तेथे प्राचीन खाणकामाचे प्रचंड ढिगारे आहेत आणि आधुनिक काळातही सोने काढले जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासकांनी १९७६ मध्ये हेच ओफीर असावे असे सुचवले होते. ठाम 'हेच' म्हणायला मी तयार नाही, पण 'उत्पत्ती'च्या वंशावळीशी जुळणारा हा भाग आहे, एवढे त्याच्या बाजूने नक्की आहे. दुसरीकडे, खुद्द एसयोन-गेबेरचीही अडचण आहे. अकाबाजवळच्या तेल-एल-खलैफे येथे नेल्सन ग्लूक यांनी १९३८ ते १९४० या काळात उत्खनन करून ते शलमोनाचे बंदर असल्याचे जाहीर केले, परंतु तेथील खापरांची फेरतपासणी झाली तेव्हा ती इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासची आणि त्यानंतरची निघाली.

यानंतर ओफीर जे भटकले ते युरोपीय महत्त्वाकांक्षेच्या मागोमाग. कोलंबसाला हिस्पान्योला बेटावर ओफीर सापडल्याची खात्री वाटत होती. पोर्तुगीजांना ते पूर्व आफ्रिकेतील सोफाळ्यात दिसले, कारण आतल्या प्रदेशातले सोने तेथे उतरत असे आणि नावही 'सोफीर'च्या जवळ जाणारे होते. १५६७ मध्ये पेरूहून निघालेला आल्वारो दे मेंदान्या पॅसिफिकमधील ज्या बेटांना १५६८ मध्ये लागला, त्यांना शलमोनाचे नाव मिळाले आणि सॉलोमन आयलंड्स म्हणून ते आजही नकाशावर आहे. मलेशियातील गुनुंग लेदांग या डोंगराला युरोपीय नकाशांत 'माउंट ओफीर' म्हणत. यांत सर्वांत हानिकारक ठरला तो ग्रेट झिंबाब्वेचा दावा. १८७१ मध्ये तेथे पोहोचलेल्या कार्ल माउख याने त्या दगडी वास्तूंचा संबंध शबाच्या राणीशी जोडला, आणि पुढे कित्येक दशके गोऱ्या सत्तेला हे सोयीचे वाटले की आफ्रिकी लोकांनी ते बांधलेलेच नाही. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांच्या उत्खननांनी त्या वास्तू स्थानिक आफ्रिकी समाजाच्याच आणि मध्ययुगीन असल्याचे दाखवून दिले, तरी ती कथा लवकर मेली नाही. आपल्याकडच्या दाव्यांबद्दल मी काटेकोर राहतो, त्यामागे हे उदाहरणही आहे.

शेवटचा प्रश्न बेने इस्राएलांचा. कोकणातील या मराठीभाषक ज्यू समाजाची परंपरा अशी आहे की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. हे पूर्वज शलमोनाच्या ओफीरला जाणाऱ्या जहाजांवरचे होते, असे मत अधूनमधून मांडले गेले आहे. समाजाच्या स्वतःच्या इतिहासकारांनी मात्र ही घटना बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकात धरली आणि तिचे कारण व्यापार नसून छळातून झालेले पलायन असे सांगितले. नवगावच्या कथेत सोने नाही, राजा नाही आणि ओफीरही नाही. ती निर्वासितांची कथा आहे, आणि तिला शलमोनाच्या आरमाराशी जोडणारा कोणताही लेख, नाणे किंवा खापर कोकणच्या किनाऱ्यावर आजवर मिळालेले नाही.